आवाज बंद करायचं बटण

द्राक्षं आली. पाथर्डी फाट्यावर, आडगाव नाक्याच्या पुढे, दिंडोरी रोडला, जिथे म्हणून गाड्या जरा हळू होतात तिथे क्रेट मांडून माणसं बसली आहेत. सकाळी शाळेत शिकवायला जाताना स्वेटर लागतो आणि दुपारी परत येताना तोच काखोटीला मारून यावं लागतं. ना धड थंडी, ना धड ऊन. पंचांगात या दिवसांना काहीतरी नाव असेलच, पण आमच्या घरात त्यांना कायम 'द्राक्षांचे दिवस' म्हणत आले आहेत आणि तेवढं आम्हाला पुरतं.

परवा मीही थांबले. "खाऊन बघा ताई, निस्ती साखर हाय," म्हणत विकणाऱ्याने घडाच्या वरचा, देठाजवळचा मणी तोडून पुढे केला. मी तो घेतला नाही. घड उचलला, उलटा धरला आणि अगदी शेंड्याचा मणी तोडून तोंडात टाकला. तो हसला. "घरची बाग हाय का काय तुमची?" बाग कुठली? अण्णांची शिकवण. घड देठाकडून पिकत खाली येतो, शेंड्याचा मणी सगळ्यांत शेवटी गोड होतो. विकणारा वरचा देणार, आपण खालचा खायचा. तो गोड निघाला की डोळे मिटून घड घ्यायचा. माझा मणी गोड निघाला. डोळे मिटले ते मात्र निराळ्याच कारणाने, आणि उघडले तेव्हा तो बिचारा पिशवी हातात धरून थांबला होता. "आंबट लागला का?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं आणि दोन किलो घेतली.

गेल्या वर्षी याच दिवसांत अण्णा गेले. माझे वडील. अंबडच्या एका कारखान्यात आयुष्यभर लेथ मशीनसमोर उभे राहिले, निवृत्त झाले, सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात दारासमोरच्या खुर्चीत बसायला लागले आणि एक दिवस त्यांची वाचा गेली. मग काही महिन्यांनी तेही गेले. सांगायला गेलं तर एवढंच. पण आईचं एवढ्यावर भागत नाही. वर्षभर ती मला एकच गोष्ट विचारते आहे. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना, मध्येच हात थांबवून. "विजू, शेवटी शेवटी त्यांना कळत व्हतं का गं? मी बोलत व्हते ते ऐकत व्हते का?" डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की आता त्यांना काही समजत नसावं. आई तिथेच अडकून बसली आहे. मी कधी "हो गं, कळत होतं" म्हणते, कधी "माहीत नाही" म्हणते. दोन्ही उत्तरांनी तिचं समाधान होत नाही. माझंही होत नाही.

मी लग्न होऊन इंदिरानगरला गेले, पण शाळा सुटली की आधी सिडकोत आईकडे जायचं आणि मग घरी, हा क्रम कधीच मोडला नाही. आता तर मोडणं शक्यच नाही. गेल्या महिन्यात संजूने, माझ्या धाकट्या भावाने, मस्कतहून हट्ट करून आईसाठी नवा टीव्ही घ्यायला लावला. भिंतीवर टांगायचा, खिडकीएवढा. जुना काही बिघडला नव्हता. पण मुलगा लांब असला की त्याला सारखं काहीतरी पाठवावंसं वाटतं, त्याला आपण काय करणार? या टीव्हीचा रिमोट एवढासा. त्याच्यावर बटणं इतकी कमी की आधी वाटलं, बाकीची खोक्यातच राहिली असतील. बसवायला आलेल्या माणसाने सांगितलं, "काकू, हे माइकचं बटण दाबायचं आणि तोंडाने बोलायचं. पाहिजे ते लागतं."

आईने रिमोट दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला आणि ठणकावून म्हणाली, "ए, ते सकाळचं कीर्तन लाव." टीव्हीने जरा विचार केला आणि क्रिकेट लावलं. "ह्याला आमचं चांदवडकडचं बोलणं समजत नाय," आई म्हणाली आणि रिमोट माझ्याकडे देऊन टाकला. मी हसले, आणि हसता हसताच मला रडू आलं. बोललेलं ऐकणारा रिमोट! आमच्या घरी तो यायला एक वर्ष उशीर झाला असं मी म्हणणार होते. पण ते खरं नाही. अण्णांना त्याचा काय उपयोग होता? तो बोलता येणाऱ्यांसाठी केलेला आहे.

रिमोट नव्हता तेव्हा मीच रिमोट होते. ज्यांच्या घरी काळा-पांढरा, लाकडी खोक्यातला, सरकत्या दारांचा टीव्ही होता त्यांना हे समजावून सांगायला नको. असल्या कामाला धाकट्याने उठायचं असा नियम सगळीकडे असतो, पण संजू तेव्हा रांगत होता, त्यामुळे ती नोकरी माझ्याकडे. चॅनेल बदलायला मुळात दुसरं चॅनेलच नव्हतं. माझं काम आवाजाचं. अण्णांचा एक दंडक होता, माणूस बोलत असताना डब्याने बोलायचं नाही. दारात कोणी आलं, आईने स्वयंपाकघरातून काही विचारलं, अगदी संजू रडायला लागला तरी अण्णा नुसतं बोट वर करायचे. मी उठायचे आणि गोल बटण डावीकडे पिळायचे. टीव्हीतली बाई ओठ हलवत राहायची आणि आमच्या घरात माणसांचं बोलणं चालायचं. ते संपलं की बोट खाली. मी बटण उजवीकडे पिळायचे. शेजारच्या घरांत लोक टीव्हीवर कडी करत ओरडून बोलायचे, आमच्याकडे टीव्हीच गप्प बसायचा. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात उभं राहून आलेल्या माणसाला संध्याकाळी माणसाचा आवाज नीट ऐकायचा असतो, हे मला तेव्हा कुठून कळणार? मला फक्त उठायचा कंटाळा यायचा.

रंगीत टीव्ही आला तेव्हा त्याच्याबरोबर रिमोट आला. आमच्या घरांच्या लाइनीतले लोक बघायला आले ते चित्र नाही, रिमोट. अण्णांनी खुर्चीत बसून अंगठा दाबला आणि आवाज बंद झाला. कोणी उठलं नाही, कोणी काही पिळलं नाही. "गेली हिची नोकरी," कोणीतरी माझ्याकडे बघून म्हणालं आणि सगळे हसले. आईने त्या रिमोटचं मूळ प्लास्टिक काढू दिलं नाही. ते फाटलं तेव्हा दुधाची पिशवी स्वच्छ धुऊन, कापून, टाके घालून तिने त्याला झबलं शिवलं. पुढे टीव्ही बदलले, केबल आली, सेट-टॉप बॉक्स आला, एकाचे दोन रिमोट झाले, पण प्रत्येकाला आईच्या हातचं झबलं ठरलेलं. आकडे दिसेनासे झाले तरी आमच्या बोटांना सगळं पाठ होतं. संजूची आणि माझी त्यावरून होणारी मारामारी, सोफ्याच्या फटीत तो हरवला की घरभर चाललेली शोधाशोध, परीक्षा आली की आईने तो तांदळाच्या डब्यात लपवणं, हे सगळं आता कोणाला सांगितलं तर जुन्या काळच्या गोष्टी वाटतात. माझ्या मुलाच्या हातात स्वतःचा फोन आहे. तो कोणाशी कशासाठी भांडेल?

दसऱ्याला अण्णा आपली मोजमापाची हत्यारं पाटावर मांडून त्यांची पूजा करायचे. ती कारखान्याची, सणापुरती घरी आणलेली. निवृत्त झाल्यावर पहिला दसरा आला आणि पाट रिकामा. अण्णा आंघोळ करून त्या रिकाम्या पाटासमोर जरा अवघडून उभे राहिले. आईने टीव्हीवरचा रिमोट उचलला आणि पाटावर ठेवला. "हे काय?" अण्णा म्हणाले. "आता हेच तुमचं हत्यार," आई म्हणाली. अण्णांनी तिच्याकडे रोखून बघितलं आणि मग खरंच त्याला हळद-कुंकू लावून झेंडूचं फूल वाहिलं. हळदीचा एक ठिपका झबल्याच्या टाक्यांतून आत गेला तो गेलाच. मला तो दसरा आठवला की आजही आईचं कौतुक वाटतं. एवढा मोठा माणूस तिने किती सहज सांभाळून घेतला.

मध्यंतरी मुलांना विज्ञानाचा धडा शिकवताना रिमोटच्या जन्माबद्दल वाचलं. पहिलावहिला रिमोट म्हणे वायरचा होता. टीव्हीपासून खुर्चीपर्यंत जमिनीवरून वायर यायची आणि घरातली माणसं तिच्यात पाय अडकून पडायची. मग उजेडाचा आला, टॉर्चसारखा. टीव्हीच्या कोपऱ्यांत उजेड ओळखणारे डोळे बसवलेले, त्यांच्यावर झोत मारायचा. पण त्या डोळ्यांना टॉर्च कुठली आणि ऊन कुठलं ते कळेना. खिडकीतून तिरीप आली की चॅनेल आपोआप बदलायचं. मग आवाजाचा आला. त्यात सेलच नव्हते. बटण दाबलं की आतली इवलीशी हातोडी धातूच्या कांडीवर पडायची आणि माणसाला ऐकू न येणारा नाद निघायचा. टीव्हीला तो ऐकू जायचा. घरातल्या कुत्र्यालाही जायचा, ते बिचारं उगाच कान टवकारायचं. शेवटी माणसाच्या डोळ्यांना न दिसणारा उजेड उपयोगी पडला आणि तोच घरोघर टिकला. जाहिरातींचं तोंड बंद करता यावं हीसुद्धा त्या सुरुवातीच्या शोधांमागची एक इच्छा होती म्हणे. अण्णांना हे फार आवडलं असतं. वाचताना मला गंमत वाटली की एवढा खटाटोप कशासाठी, तर बसल्या जागेवरून समोरच्याला काहीतरी कळवण्यासाठी. आणि दर वेळी अडचण तीच, आपण कळवलेलं पोचलं का?

अण्णांना पहिला झटका आला तो दिवाळीच्या आधी. उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं गेलं. घरी आणल्यावर त्यांची खाट पुढच्या खोलीत, टीव्हीसमोर टाकली. बोलता येत नाही तर लिहून बघू दे, म्हणून आम्ही पाटी-पेन्सिल दिली. डाव्या हाताने त्यांनी एक रेघ ओढली, तिच्याकडे बघितलं, पाटी बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड केलं. ज्या माणसाच्या हाताखालून केसाएवढी चूक सुटत नव्हती त्याला ती वाकडी रेघ सहन झाली नाही. त्यानंतर बरेच दिवस ते आमच्याकडे नीट बघतही नव्हते.

मग एका दुपारी मी शाळेतून आले. टीव्हीवर कसली तरी मालिका मोठ्याने चालली होती. मी चपला काढून त्यांच्या पायाशी बसले, सवयीने "अण्णा, आज ना..." म्हटलं, आणि आवाज बंद झाला. मी टीव्हीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. डाव्या हातात रिमोट होता. भुवया जरा उंचावून ते माझ्याकडे बघत होते. आज ना, काय? मी सांगितलं. शाळेतलं काहीतरी फालतूच होतं. सांगून संपलं तसा त्यांनी पुन्हा अंगठा दाबला आणि आवाज सुरू झाला. कळलं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले, आणि ते रडणं सुखाचं होतं.

तिथून पुढे ती आमच्या घराची भाषाच झाली. एकदा दाबलं म्हणजे बोल, ऐकतोय. पुन्हा दाबलं म्हणजे कळलं. बोलणं संपायच्या आधीच आवाज परत आला तर समजून जायचं की पुरे झालं. समोरच्या लाइनीतल्या एक काकू रोज येऊन आपल्या गुडघ्यांचं पुराण लावायच्या. त्यांच्या दुसऱ्या वाक्याला अण्णा बातम्यांचा आवाज असा काही वाढवायचे की काकू दचकायच्या. "ह्यांचा अंगठा घसरतो हल्ली," आई सारवासारव करायची. आईवर रागावले की तिची मालिका ऐन रंगात आली असताना शेतीचा कार्यक्रम लावायचे. "आवं, वाचा गेली तरी भांडायचं काय सोडलं नाय तुम्ही," आई म्हणायची. त्यांचा अर्धा चेहरा हसायचा. उरलेल्या अर्ध्याकडे मला बघवायचं नाही.

खरं सांगायचं तर आई त्यांच्याशी इतकं आधी कधी बोललीच नव्हती. लग्न झाल्यापासून ती कामात आणि ते कारखान्यात. आता ती खाटेजवळ मेथी निवडायला बसायची, "आवं, ऐका," म्हणायची, अण्णा आवाज बंद करायचे आणि ती बोलत सुटायची. माहेरच्या कांद्याच्या खळ्यातले दिवस, भावजयीचे टोमणे, लग्नाआधी विहिरीवर दिसलेला साप. एवढं सगळं तिच्या पोटात होतं हे मलाही माहीत नव्हतं. टीव्हीतली माणसं मुकाट नाचत असायची, मेथीच्या काड्यांचा ढीग वाढत जायचा आणि अण्णा तिच्या तोंडाकडे बघत पडलेले असायचे. शेवटी दमून ती "झालं माझं" म्हणायची. मगच अंगठा दाबला जायचा. हे वागणं मला संसारापेक्षा लग्न ठरल्यानंतरच्या दिवसांचं वाटायचं, आणि मी उगाचच आत चहा ठेवायला जायचे.

संक्रांतीच्या सुमारास एकदा रिमोट चालेना. दाबून दाबून अण्णांचा चेहरा कसनुसा झाला. आईने सेल काढून तळहातांवर चोळले, उन्हात ठेवले, शेवटी नवे आणून घातले. काही उपयोग नाही. अण्णांनी डोळे मिटून घेतले. वाचा दुसऱ्यांदा गेली होती. केबलवाला दिनेश आला, त्याने आधी रिमोटच हातात घेतला, झबलं मागे सारलं, मग माझा फोन मागून कॅमेरा सुरू केला आणि रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरलं. "दाबा बरं अण्णा." अण्णांनी दाबलं. फोनच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाशी जांभळा ठिपका लुकलुकला. "हे बघा काकू. आपल्या डोळ्याला नाय दिसत, पण असल्या कॅमेऱ्याला दिसतो. अण्णा बरोबर बोलू राहिले, तुमचा बॉक्सच ऐकत नाही." त्याने बॉक्स उघडून दुरुस्त केला आणि टीव्हीचा आवाज बंद झाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई मात्र नंतरही माझा फोन धरून अण्णांना पुन्हा पुन्हा बटण दाबायला लावत होती. "केवढासा हाय," ती म्हणाली. तिला तो दिवा फार आवडला होता. तेव्हापासून तिने झबल्याचं टोक कापून दिव्यापुरती जागा मोकळी ठेवली.

गेल्या वर्षी थंडी जाता जाता परत फिरली होती. ओझरच्या बाजूने येणारे सांगायचे, द्राक्षं गारठू नयेत म्हणून बागांमधून पहाटे शेकोट्या पेटवल्यात, धूर रस्त्यापर्यंत येतो. द्राक्षं आली, पण उशिरा आणि अंग चोरून. त्याच दिवसांत एका सकाळी अण्णांना दुसरा झटका आला. आईने पिशवीत टॉवेल, चादर, थर्मास भरला, रिक्षा दारात उभी होती, आणि ती परत आत गेली. मला वाटलं देवाला नमस्कार करायला गेली. ती रिमोट घेऊन आली.

वॉर्डात टीव्हीच नव्हता. "आजी, हे कशाला आणलं?" सिस्टरने विचारलं. "त्यांना लागतो," आई म्हणाली आणि तो अण्णांच्या डाव्या हातात ठेवला. बोटं मिटली. तान्ह्या बाळाच्या मुठीत काहीही दिलं की ते धरतं तसंच ते असतं, त्याचा फार अर्थ लावू नका, असं डॉक्टर म्हणाले. चांगले होते ते, हळूच म्हणाले. अण्णांचे डोळे अर्धवट उघडे होते, पण कुठेच बघत नव्हते. हाक मारली तर मान वळत नव्हती. आम्ही बोलायचो, पण तिथे बंद करायला कसला आवाजच नव्हता, त्यामुळे आपलं बोलणं पोचतंय की नाही हे समजायची वाटही नव्हती. भेटायला येणारे त्या हातातल्या झबलंवाल्या रिमोटकडे बघायचे आणि नजर दुसरीकडे वळवायचे. आई बोलत राहिली. रोज बोलत राहिली.

संजूला रजा मिळत नव्हती. "मला अण्णा दाखव," तो फोनवर रडत म्हणाला, म्हणून एका दुपारी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून मी व्हिडिओ काढला. आईने बाहेरून द्राक्षं आणली होती. अण्णांना नळीतूनच सगळं चाललेलं, पण हंगामाची पहिली द्राक्षं त्यांच्याआधी आपण कशी खायची, म्हणून उशाशी एक घड ठेवून ती त्यांच्याशी बोलत होती. मी व्हिडिओ संजूला पाठवला आणि पुन्हा कधी उघडला नाही. गुढीपाडव्याच्या आधीच अण्णा गेले. आईने त्यांच्या हातातला रिमोट सोडवून घेतला, पदराला पुसला आणि पिशवीत टाकला. तो आता त्यांच्या फोटोखाली असतो.

परवा द्राक्षं घेऊन गेले तेव्हा आई नुकतीच संध्याकाळचा दिवा लावून बसली होती. संजूने मुलीच्या वाढदिवसाचे फोटो पाठवले होते. ते मोठे दिसावेत म्हणून मी माझा फोन नव्या टीव्हीला जोडला आणि आत जाऊन द्राक्षं धुऊन आणली. नात बघून झाली. फोटो आपोआप सरकत मागे मागे चालले होते, आम्ही बोलत होतो, आणि अचानक भिंतीवर अण्णा आले. वॉर्डाची खाट, पांढरी चादर, उशाशी हिरवा घड. खऱ्या अण्णांपेक्षाही मोठे. मी झटकन रिमोट उचलला.

"राहू दे," आई म्हणाली.

सुरुवातीला बराच वेळ नुसताच वॉर्डातला पंखा ऐकू येत होता, मग टीव्हीतून तिचाच आवाज आला. "आवं, ऐका." पंख्याची घरघर. "द्राक्षं आणलीत. शेंड्याचा मणी खाऊन बघितला मी तुमच्यावानी. लय आंबट निघाली यंदा, तोंड वाकडं झालं माझं. तुम्ही घरी चला, मग तुम्हीच आणा निवडून. मला नाय जमत." मग नुसताच श्वास. आणि मग, अगदी बारीक आवाजात, "झालं माझं."

"मागं घे," आई म्हणाली. तिचा चेहरा बदलला होता. "विजू, मागं घे गं."

मी मागे घेतलं. ती उठून पार टीव्हीजवळ गेली आणि तिने अण्णांच्या मुठीवर बोट ठेवलं. "आवं, ऐका," आवाज आला, आणि तिच्या बोटाशेजारी, रिमोटच्या टोकाला, जांभळा ठिपका लुकलुकला. खाटेच्या पायथ्यापासून, इतक्या लांबून काढलेला तो फोनच्या एवढ्याशा पडद्यावर कधी दिसला नसता. आंबट द्राक्षांचं बोलणं चालू होतं तेवढा वेळ तो विझलेला होता. "झालं माझं," आवाज आला आणि तो पुन्हा लुकलुकला.

मी शिकवणारी बाई आहे, माझ्या मनात शंका आधी येते. अंगठा नुसता बटणावर पडला असेल, हात थरथरला असेल. पण मग तो मध्येच कुठेही लागायला हवा होता. मी पुन्हा पुन्हा बघितलं. तो आईच्या 'ऐका'ला लागत होता आणि आईच्या 'झालं'ला लागत होता, मध्ये नाही. छातीवर हात ठेवून सांगा म्हटलं तर मी अजूनही सांगू शकणार नाही. पण मला एवढं कळलं की आम्ही ज्या दिवसांत त्यांच्या उशाशी बसून त्यांना हाका मारत होतो, त्या सगळ्या दिवसांत कदाचित ते उत्तर देत होते. बोल. कळलं. बोल. कळलं. वॉर्डाच्या भिंतींवर तो उजेड पडत होता आणि आमच्यापैकी कोणालाच दिसत नव्हता. हे सुख आहे की दुःख, मला ठरवता येत नाही. मला फार वाईट वाटलं, इतकं की ते गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

आई रडली नाही. पदराने तिने टीव्हीच्या काचेवरचा आपल्या बोटाचा डाग पुसला आणि खाटेवर येऊन बसली. "परत लाव पहिल्यापासून," ती म्हणाली. मी लावलं. तिने माझ्या हातातला नवा रिमोट घेतला. "ह्याच्यात आवाज बंद करायचं कोणतं?" मी दाखवलं. तिने ते अंगठ्याने दाबलं. पंख्याची घरघर थांबली. भिंतीवर अण्णा मुकाट पडून होते.

तिने ताटलीतला घड उचलला, उलटा धरला, शेंड्याचा मणी तोडून तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"आवं, ऐका," ती म्हणाली. "यंदा गोड निघाली."

अण्णांच्या मुठीत जांभळा ठिपका लुकलुकला, आणि आई पुढे बोलायला लागली.